चिरंजीव चारा

अमेरिकेच्या सीमाप्रदेशातील वसाहतींची कथा आपल्यापुढे बहुधा बंदुका, घोडेस्वार आणि सोन्याच्या खाणी यांच्या रूपाने येते. आज ज्या माणसाची हकीगत मी सांगणार आहे, त्याच्यापाशी यांतले काहीच नव्हते. त्याच्या सामानात १५ ते २० पौंड बियाण्याची एक पिशवी होती. त्याचे नाव वेन्डेलिन ग्रिम.

ग्रिमचा जन्म १८१८ साली जर्मनीच्या बाडेन प्रांतात, क्युल्सहाइम या गावी झाला. त्या बाजूला वडिलांची जमीन सर्व मुलांत वाटण्याची रीत होती. पिढ्यांमागून पिढ्या तुकडे पडत गेले आणि अखेर शेतीवर कुटुंबाचे पोट भरणे कठीण झाले. त्यातच १८४० नंतर बटाट्यावर रोग पडला आणि १८४९ साली बाडेनमधील लोकसत्तेचा उठाव चिरडला गेला. हजारो कुटुंबांनी समुद्राची वाट धरली. १८५७ साली, वयाच्या चाळिशीला टेकलेला ग्रिमही बायकामुलांसह अमेरिकेस निघाला आणि मिनेसोटात, कार्व्हर परगण्यातील चास्का गावाजवळ स्थायिक झाला.

ही जमीन ओसाड, बिनधन्याची होती असे मात्र नव्हे. अवघ्या सहा वर्षांपूर्वी, १८५१ च्या तहांनी, ती डकोटा लोकांच्या हातून गेली होती. तहातील देणी वेळेवर मिळेनात, उपासमार होऊ लागली, तेव्हा १८६२ साली युद्ध पेटले आणि त्याच्या शेवटी ३८ डकोटा पुरुषांना एकाच दिवशी फाशी देण्यात आले. नव्या वसाहतकऱ्याच्या कष्टांचे कौतुक करताना, त्याच्या नांगराखालील मातीचा हा इतिहास विसरून चालणार नाही.

ग्रिमच्या वाट्याला आलेला मुलूख दाट अरण्याचा होता. झाडे तोडावी, बुंधे उपटावे, तेव्हा कुठे हातभर रान मोकळे होई. त्या रानात त्याने १८५८ च्या वसंतात गावाकडून आणलेले बी पेरले. आपण ज्याला लसूणघास म्हणतो, तेच हे पीक. महाराष्ट्रात विहिरीच्या पाण्यावर गाईम्हशींसाठी ती अनेकांनी लावलेली असेल. एकदा पेरली की काही वर्षे पुन्हा पेरावी लागत नाही. कापावी आणि ती पुन्हा फुटावी. शिवाय मुळांवरच्या गाठींतील जिवाणूंमुळे हवेतला नत्र तिच्या उपयोगी पडतो आणि जमिनीचा कस वाढतो. ग्रिमच्या गावी तिला जे नाव होते, त्याचा अर्थ चिरंजीव तिपानी असा होता.

परंतु मिनेसोटाच्या हिवाळ्याने या चिरंजीवाची कठोर परीक्षा घेतली. तेथे पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरतो. रोपाच्या बुडख्यातून दरवर्षी नवे कोंब फुटतात. तोच गोठून गेला की रोप संपले. बर्फ वितळल्यावर ग्रिमने पाहिले, तो बरीचशी रोपे मेलेली, आणि मधूनमधून काही जिवंत. जी वाचली होती, त्यांचेच बी त्याने धरले आणि पुन्हा पेरले. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा काही मेली, काही वाचली. वाचलेल्यांचे बी पुन्हा मातीत गेले. हा क्रम सुमारे १५ वर्षे चालला. हळूहळू मरणारी रोपे कमी झाली आणि रान भरू लागले.

त्याची गुबगुबीत जनावरे पाहून एका शेजाऱ्याने विचारले, ‘यांना मका तरी किती चारतोस?’ तेव्हा ‘दाणासुद्धा नाही, नुसती तिपानी’ असे ग्रिमने उत्तर दिले, अशी आठवण त्या भागात सांगतात. शेजाऱ्यांनी बी नेले, त्यांच्या शेजाऱ्यांनी नेले. पण परगण्याबाहेर त्याची फारशी वार्ता गेली नाही. १८९० साली ग्रिम वारला तो एक साधा शेतकरी म्हणूनच.

इकडे मिनेसोटातील शेतकरी वर्षानुवर्षे गव्हामागून गहूच घेत आले होते. जमिनी थकल्या, आणि लोक दुभत्या जनावरांकडे वळू लागले. चारा हवा होता. पण चिलीहून कॅलिफोर्नियात आलेली लसूणघास उत्तरेच्या थंडीत टिकत नव्हती. अशा वेळी आर्थर लायमन या शिक्षकाच्या ध्यानात आले, की इतरांची लसूणघास मरते आणि ग्रिमच्या बियाण्याची मात्र तगते. १९०० च्या सुमारास त्यांनी ही गोष्ट मिनेसोटा विद्यापीठातील विलेट हेज यांच्या कानी घातली. प्रयोगक्षेत्रांवर परीक्षा झाली आणि ‘ग्रिम’ हे वाण थंड प्रदेशांत दूरवर पसरले.

शास्त्रज्ञांनी या वाणाची फुले न्याहाळली, तेव्हा जांभळ्याबरोबर हिरवट आणि पिवळसर छटाही दिसल्या. बाडेनच्या त्या पिशवीतच थंडी सोसणाऱ्या, पिवळ्या फुलांच्या रानटी जातीचा अंश मिसळलेला होता. म्हणजे गुण बियात होता. पण तो निवडून वर आणण्यास मिनेसोटाचा हिवाळा आणि न कंटाळणारा शेतकरी, दोघेही लागले. निवडपद्धती हा शब्दही ग्रिमने कदाचित ऐकला नसेल. मेलेल्यांची संख्या मोजत बसण्याऐवजी त्याने उरलेल्यांचे बी जपले, एवढेच.

पुढे मर रोग आला आणि त्यापुढे ग्रिम वाण टिकले नाही. नवी, रोगप्रतिकारक वाणे आली. तरी उत्तरेकडील कित्येक वाणांच्या वंशावळीत त्याचा अंश आहेच. १९२४ साली त्याच्या शेतावर स्मारकशिला उभारण्यात आली, आणि त्याचे घरही आज जतन केलेले आहे. पण त्याचे खरे स्मारक ते नव्हे. अमेरिकेच्या उत्तरेस, बर्फ वितळल्यावर जी कुरणे आपोआप हिरवी होतात, त्यांत ते शोधावे.