मुक्त आज्ञावलींचे बिनपगारी सांभाळकर्ते आणि त्यांना हवे असलेले साह्य
(भाषणाचा मजकूर)



कचेरीतील संगणकावर दाखला तयार होतो, शाळेत मुले मराठी मजकूर टंकलिखित करतात, गावातील मनुष्य शहरातील बँकेशी घरबसल्या व्यवहार करतो. या कामांमागे अनेक आज्ञावली अशा असतात की, ज्यांची मूळ संहिता सर्वांना खुली आहे. ती कोणीही वाचावी, वापरावी, सुधारावी आणि दुसऱ्यास द्यावी, अशी मुभा परवान्यातच दिलेली असते. केरळातील सरकारी शाळांचे संगणक गेली अनेक वर्षे अशाच मुक्त आज्ञावलींवर चालत आहेत. पडद्यावर देवनागरी अक्षरे उमटविणारा 'लोहित देवनागरी' हा टंकही याच वर्गातला.

खुली वस्तू आपोआप नीट राहते, असा पुष्कळांचा समज असतो. गावच्या विहिरीचा गाळ कोण काढतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांचा तरी असा समज होऊ नये. इयान मर्डॉक यांनी १९९३ साली सुरू केलेल्या 'डेबियन' या मुक्त संगणक-प्रणालीच्या बाराव्या आवृत्तीत, म्हणजे २०२३ साली, ६४ हजारांहून अधिक पॅकेजे होती. प्रत्येक पॅकेजामागे सांभाळकर्ता लागतो. मूळ लेखकाची संहिता घेणे, ती इतर पॅकेजांशी जुळवून बांधणे, दोषांच्या नोंदी वाचणे, त्यांतील खरा दोष कोणता व वापरणाऱ्याची चूक कोणती हे निवडणे, आणि सुरक्षिततेस धोका उद्भवल्यास रात्र जागून दुरुस्ती पोहोचविणे, हे त्याचे काम. बहुतेकजण ते नोकरीधंदा सांभाळून, विनावेतन करतात.

या व्यवस्थेचे दुबळेपण जगाच्या ध्यानात आले ते एप्रिल २०१४ मध्ये. महाजालावरील व्यवहार गुप्त राखणाऱ्या 'ओपनएसएसएल' या आज्ञावलीत 'हार्टब्लीड' नावाचा दोष उघडकीस आला. जगातील असंख्य संस्था जिच्यावर विसंबून होत्या, त्या आज्ञावलीच्या कामास मिळणाऱ्या देणग्या वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर होत्या. गवगवा होताच त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनने मोठ्या कंपन्यांकडून निधी उभारला. पैसा होता, मागणारा व देणारा यांची गाठ तेवढी पडलेली नव्हती.

तथापि केवळ निधीने प्रश्न सुटत नाही, हे दाखविणारा प्रसंग पुढे दहा वर्षांनी घडला. 'एक्सझेड युटिल्स' हे माहिती आटोपशीर करून साठविणारे पॅकेज मुख्यत्वे एकच गृहस्थ सांभाळीत होते. २०२२ साली त्यांनी उघडपणे लिहिले की, प्रकृतीमुळे काम मंदावले आहे आणि हा आपला बिनपगारी छंद आहे. त्या सुमारास काही अपरिचित नावांनी त्यांच्यामागे सारखा तगादा लावला, की नवा माणूस नेमा. मदतनीस जवळच तयार होता. त्याने आधीपासून उपयोगी दुरुस्त्या पाठविल्या होत्या. यथावकाश त्याच्या हाती आवृत्ती प्रसृत करण्याचे अधिकार आले. २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याने दोन आवृत्त्यांत चोरदरवाजा बसविला. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे जाणवले. त्यांनी माग काढला आणि २९ मार्च रोजी कट जाहीर केला. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत तो पोहोचला नव्हता, हे सुदैव. तगादा लावणारी नावे त्याच कटातील असावीत, असे मानले जाते.

यात दोष थकलेल्या गृहस्थांचा म्हणावयाचा काय? त्यांनी आपली अडचण लपविली नव्हती. सांगूनही खऱ्या हातांऐवजी खोटा हात पुढे आला, ही यातील खेदाची बाब होय.

साह्य मागण्याची रीत म्हणूनच विचारपूर्वक ठरविली पाहिजे. डेबियनच्या घटनेप्रमाणे कोणावरही कामाची सक्ती नाही. आपणास मदत हवी आहे, दुसरा सांभाळकर्ता हवा आहे, किंवा हे पॅकेज आपण सोडीत आहोत, अशा तीन निरनिराळ्या सूचना सांभाळकर्ता जाहीर यादीत नोंदवू शकतो. यात कमीपणा मानला जात नाही. तो कामात अडकला असेल तर दुसरा सदस्य दुरुस्ती पाठवू शकतो; ती काही दिवस रोखून ठेवण्याची सोय आहे, म्हणजे मूळ सांभाळकर्त्यास हरकत घेता येते. अनेक पॅकेजे एकट्याकडे न ठेवता गटाकडे सोपविलेली असतात. टंकांसाठी असाच एक गट आहे.

मागणी नेमकी असावी. इर्जिक घालणारा शेतकरी शेजाऱ्यांना कोणते शेत आणि कोणते काम ते आधी सांगतो, आणि पाऊस येण्यापूर्वी सांगतो. 'कोणी मदत करा' या हाकेला सहसा उत्तर मिळत नाही. 'या चाळीस जुन्या नोंदींतील दोष नव्या आवृत्तीत अजून दिसतात काय, एवढे पाहा' या विनंतीला मिळते. नवख्याला आधी अशीच लहान कामे द्यावीत. किल्ल्या मात्र सर्वांत शेवटी. एक्सझेडच्या प्रकरणात दोन वर्षांची चांगली वागणूकही पुरेशी ठरली नाही. चोरदरवाजा सुरू करणारा एक भाग खुल्या संहितेत नव्हताच. तो प्रसृत केलेल्या गठ्ठ्यात घातला होता. गठ्ठा व संहिता जुळतात काय, हे दुसऱ्या व्यक्तीने पाहणे ही औपचारिकता नव्हे.

कचेऱ्यांना यात आपले स्थान आहे. जर्मनीने २०२२ पासून अशा पायाभूत मुक्त आज्ञावलींच्या देखभालीस सरकारी निधी देण्याची सोय केली. जेथे निधी देणे अधिकाराबाहेर आहे, तेथे निदान उत्तरासाठी तगादा लावू नये, आणि कार्यालयातील जाणकारास आठवड्यातील काही तास या कामासाठी मोकळे ठेवावेत.

शिक्षकांचे साह्य तर वेगळ्याच मोलाचे. 'दुसऱ्या' किंवा 'वाऱ्यावर' यांतील अर्धा र मराठीत जसा लिहितात तसा हिंदीत आढळत नाही. श आणि ल यांची मराठी वळणेही निराळी. परदेशातील सांभाळकर्त्यास देवनागरी वाचता येत नसेल, तर टंकातील अशी चूक त्याच्या नजरेस येणार कशी? बेळगावच्या किंवा इंदूरच्या मराठी शिक्षकास ती पहिल्या ओळीत दिसेल. आज्ञावलीचे नाव व आवृत्ती, कोणता शब्द टंकलिखित केला, पडद्यावर काय उमटले त्याचे चित्र, आणि तोच शब्द कागदावर शुद्ध लिहून घेतलेले दुसरे चित्र, इतके पाठविले की नोंद पुरी होते.