सुरत आणि फिरोजशहा

आयर्लंडच्या इतिहासात डॅनियल ओकॉनेल या बॅरिस्टराचे स्थान फार मोठे आहे. शस्त्र न उचलता, कायदा आणि सभा या दोनच साधनांच्या बळावर त्याने १८२९ साली आपल्या कॅथॉलिक देशबांधवांना पार्लमेंटचे दार उघडून दिले. आणि १८४६ साली तरुण अनुयायी त्यालाच सोडून गेले. आपल्याकडील अशाच एका बॅरिस्टराच्या कारकीर्दीचे दोन अंक सुरत शहराने पाहिले आहेत. ते बॅरिस्टर म्हणजे सर फिरोजशहा मेहता.

१८६८ साली ते बॅरिस्टर होऊन मुंबईस परतले. १८७८ मध्ये परवाना-कराविरुद्ध सुरतेत हरताळ पडला, दंगल उसळली आणि ‘स्वतंत्रता’ मासिकाचे तरुण संपादक इच्छाराम सूर्यराम देसाई यांच्यासह काही नागरिकांवर खटला झाला. फिरोजशहांनी त्यांचा बचाव केला आणि ते सुटले. सरकारच्याच कायद्याने सरकारला अडविता येते, ही फिरोजशहांची श्रद्धा होती. मुंबई महापालिकेचा १८८८ चा कायदा घडविण्यातही त्यांचा मोठा वाटा होता. त्याच कायद्याखाली त्या शहराचा कारभार आजही चालतो.

दुसरा अंक १९०७ चा. काँग्रेसचे अधिवेशन नागपुरास व्हावयाचे होते. तेथे टिळकपक्षाचे बळ अधिक, म्हणून नेमस्त पुढाऱ्यांनी ते सुरतेस हलविले. त्यांत फिरोजशहा अग्रभागी होते. २७ डिसेंबर रोजी अध्यक्षांच्या निवडीसंबंधी बोलण्यासाठी लोकमान्य व्यासपीठावर गेले. त्यांना परवानगी मिळाली नाही. गोंधळ माजला, आणि एक मराठी घाटाचा जोडा सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागून फिरोजशहांवर आदळला. अधिवेशन मोडले.

आपणां मराठी लोकांस फिरोजशहा म्हटले की बहुधा तो जोडाच आठवतो. तो फेकणाऱ्याचे समर्थन कोणी करू नये. परंतु ज्यांनी एके काळी याच शहरातील प्रजेची बाजू सरकारास ऐकावयास लावली, त्यांच्याच पक्षाने तेथे स्वकीयांची बाजू ऐकून घेतली नाही, हे अधिक खेदाचे आहे. फिरोजशहा नोव्हेंबर १९१५ मध्ये निवर्तले. दोन्ही पक्षांचा समेट लखनौच्या अधिवेशनात झाला, तो १९१६ साली. म्हणजे त्यांच्या पश्चात.

आपले म्हणणे ऐकले जावे म्हणून न्यायालयात झगडण्यास विद्वत्ता आणि धैर्य लागते. आपल्याच सभेत दुसऱ्याचे ऐकून घेण्यास त्याहून अधिक काही लागते. सुरतेच्या या दोन अंकांतून एवढे जरी आपण घेतले, तरी पुष्कळ झाले.