कासव आणि अभयदान



विसावे तीर्थंकर भगवान मुनिसुव्रतनाथांचे लांछन कासव. त्यामुळे विट्यासारख्या गावी पावसाळ्यात कोणाच्या अंगणी कासव आले, की घरच्यांना तो शुभसंकेत वाटतो. कोणी ते हौदात पाळू म्हणतो, कोणी मंदिराच्या विहिरीत सोडू म्हणतो. दोहोंमागे श्रद्धाच असते. परंतु विवेकाची जोड नसेल, तर जीवदयेच्या हातूनही हिंसा घडते.

पाठीवर तारकांची नक्षी असलेले कासव जमिनीवरचे; विहिरीत ते बुडून मरते. गोड्या पाण्यातले मऊ पाठीचे कासव पोहते खरे, पण बांधीव विहिरीत त्याला ऊन खाण्यास काठ नाही, अंडी घालण्यास माती नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही कासवे पाळणे गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दोन्ही पहिल्या अनुसूचीत आहेत.

म्हणून कासव सावलीत, हवेशीर खोक्यात ठेवावे आणि वन विभागास १९२६ या क्रमांकावर कळवावे. शास्त्रकारांनी परिग्रहात धन-धान्याबरोबर पशूही गणले आहेत. ज्या जीवास अभय द्यावयाचे, त्याच्यावरील हक्क प्रथम सोडावा लागतो.

जय जिनेंद्र!