कोरडा दिवस कुणाच्या जिवावर?

(महागाव, जि. यवतमाळ येथे बायकांच्या बैठकीत केलेले भाषण)



‘आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा’ हे मी दारोदार सांगत फिरले आहे. एकदा एका बाईने मला विचारलं, “ताई, नळ येते चौथ्या दिवशी. रांजण उलटा केला तं लेकराईले पाजू काय?” माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

सांगणं चूक नाही. डेंग्यू-चिकुनगुन्याचा डास घरात साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा हिशेब. अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात, कोरडी पडूनही महिनोन् महिने टिकतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, आतून घासावं लागतं. उन्हाळा सरल्यावर कोपऱ्यात ढकललेल्या कूलरची टाकीसुद्धा.

पण घासायचं कुणी? पाणी आणायचं बाईनं, साठवायचं बाईनं, ओतायचंही तिनंच. आणि घरात ताप आला की ‘पाणी उघडं ठेवलं’ म्हणून बोल तिलाच. हा डास चावतो दिवसा, सकाळी आणि दिवस मावळण्याआधी जास्त. त्या वेळी आपण मच्छरदाणीत नसतो, चुलीपाशी असतो.

आपल्या देशात 1953 साली हिवताप नियंत्रणाचा आणि 1958 साली निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू झाला. डीडीटीच्या फवारणीने रुग्ण झपाट्यानं घटले. मग काम ढिलं पडलं, डासांनी औषध पचवलं, आणि 1976 साली रुग्ण साठ लाखांवर गेले. नुसत्या फवाऱ्यावर विसंबून चालत नाही, ते तेव्हाच कळलं. 2006 साली चिकुनगुन्या आला. ताप उतरला तरी सांधे महिनोन् महिने धरलेले. निंदणाला वाकता येईना, त्या बुडालेल्या मजुरीची नोंद कुठल्या कागदावर झाली?

म्हणून माझं म्हणणं असं. रांजणाला घट्ट कापड बांधा, रिकामा करता येत नाही त्या हौदात गप्पी मासे सोडा. घासायची पाळी घरातल्या पुरुषांवरही टाका. घरोघर अळ्या शोधणाऱ्या आशाताईला ‘स्वयंसेविका’ म्हणून मानधनावर राबवतात, तिच्या मागण्यांत तिच्यासोबत उभ्या राहा. आणि ग्रामसभेत, नगरपंचायतीत जाऊन एकच विचारा: नळ कोणत्या दिवशी येणार?

पाणी ठरल्या दिवशी येऊ द्या. रांजण आम्ही आनंदानं उलटे करू.