शिंप्याच्या रजेचा पगार



परळ-दादरच्या सीमेवरील हिंदमाता ही लग्नसराईच्या कापडाची पेठ. साडी घ्यावी, फॉल लावून घ्यावा आणि घरीं यावें, हा आपला परिपाठ. पण फॉल लावणाऱ्या कारागिरास रजेचा पगार मिळतो काय, हें आपण कधीं विचारलें आहे? त्याची मजुरी बहुधा नगावर. या सखल भागांत पावसाचें पाणी तुंबलें, कीं काम बंद आणि कमाईहि बंद.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नानें १८९० सालीं गिरणी कामगारांस रविवारची सुटी मिळाली. तेथें हजारोंचा समुदाय एकत्र होता. शिंपी मात्र दुकानोदुकानीं विखुरलेला. १९७२ च्या उपदान कायद्यानें निदान दहा माणसांची अट घातली. दोन यंत्रांच्या दुकानास तो कोठून लागणार होता? २०१९ च्या श्रमयोगी मानधन योजनेनें साठीनंतर दरमहा ३,००० रुपये देऊं केले, परंतु नांव चाळिशीच्या आंत नोंदवावयाचें, आणि हप्ता दरमहा भरावयाचा.

म्हणून पुढच्या खेपेस घासाघीस करण्यापूर्वीं एवढें मनांत आणा: रजा, आजारपण आणि म्हातारपण, या तिहींचा खर्च तो त्याच मजुरींतून भागवीत असतो.