क्षयजंतूच्या एन्झाइमात औषधाचा रेणू

क्षयाच्या जंतूचा चिवटपणा पुष्कळसा त्याच्या मेणचट आवरणात आहे. मायकोलिक आम्ले नावाची अतिशय लांब साखळीची मेदाम्ले या आवरणात असतात. जंतू ही साखळी दोन-दोन कार्बनांनी वाढवत नेतो. प्रत्येक फेरीच्या शेवटी साखळीतला एक दुहेरी बंध हायड्रोजन देऊन एकेरी करावा लागतो. हे काम करणाऱ्या एन्झाइमाचे नाव इन्हए. हायड्रोजन पुरवणारा एनएडी हा सहरेणू त्याच्या शेजारी बसलेला असतो. ई. कोलाय, स्टॅफिलोकॉकस ऑरियस अशा जीवाणूंमध्ये याच कुळातले फॅबआय हे एन्झाइम असते. माणसाच्या पेशींतही मेदाम्ले तयार होतात, पण तिथे सगळे टप्पे एकाच अजस्र प्रथिनात उरकतात आणि त्याची घडण वेगळी असते. म्हणून माणसाला इजा न करता जंतूचे हे एन्झाइम बंद पाडता येईल, अशी आशा बाळगता येते.

त्या आशेला एक जुना आधारही आहे. आयसोनियाझिड हा रेणू १९१२ मध्ये प्रागच्या जर्मन विद्यापीठात तयार झाला होता, पण त्याचे गुण कोणी तपासले नव्हते. १९५२ मध्ये एल्बरफेल्डची बायर, रोश आणि स्क्विब या तिन्ही कंपन्यांकडून, एकमेकींपासून स्वतंत्रपणे, तो क्षयावर गुणकारी असल्याचे पुढे आले. बायरमधले हे काम गेरहार्ड डोमाक यांच्याकडचे. प्रोन्टोसिल हे पहिले सल्फा औषध त्यांनीच शोधले होते. आयसोनियाझिड आजही क्षयाच्या उपचारात पहिल्या फळीत आहे. मात्र इन्हए हे त्याचे लक्ष्य असल्याचे १९९४ मध्ये कळले, म्हणजे चाळीस वर्षे जगभरचे रोगी ज्याने बरे होत होते त्या औषधाचा नेम कुठे लागतो हे ठाऊक नव्हते. १९९८ च्या स्फटिकरचनेने आणखी एक गोष्ट दाखवली. एन्झाइमात एकटे आयसोनियाझिड बसत नाही. जंतूचेच कॅटजी हे दुसरे एन्झाइम आधी त्याला क्रियाशील करते, मग ते एनएडीला जोडले जाते आणि हा जोडरेणू इन्हएला अडवतो. औषधाची दुबळी बाजूही इथेच आहे. कॅटजीमधल्या ३१५ व्या जागेचे सेरिन बदलले की औषध क्रियाशील होणे खुंटते आणि जंतू प्रतिरोधी होतो. कॅटजीची मदत न घेता थेट इन्हएला रोखणारा रेणू हवा, हे त्यावरून ओघानेच आले.

अशा शोधात स्फटिक कसा उपयोगी पडतो, ते पाहावे. शुद्ध केलेल्या प्रथिनाचा जेमतेम एक-दोन मायक्रोलीटरचा थेंब काचेच्या चकतीवर घेऊन बंद कुपीच्या तोंडाशी उलटा टांगतात. थेंबातले पाणी वाफेवाटे हळूहळू कमी होते आणि जमले तर काही दिवसांत स्फटिक धरतो. पुष्कळदा नुसताच गाळ मिळतो. प्रथिनाच्या स्फटिकात साधारण निम्मे पाणीच असते, त्यामुळे तो फार नाजूक असतो. बारीक फासात उचलून तो द्रव नायट्रोजनात गोठवतात आणि उणे १७३ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवून त्यावर क्ष-किरण सोडतात. स्फटिकातून क्ष-किरणांचे विवर्तन होते, हे माक्स फोन लाउए यांच्या सुचवणीवरून १९१२ मध्ये म्युनिकला सिद्ध झाले. आज हे किरण बर्लिनच्या बेसी-२ किंवा हॅम्बुर्गच्या पेट्रा-३ सारख्या सिंक्रोट्रॉनमधून, म्हणजे इलेक्ट्रॉन वलयात फिरवणाऱ्या यंत्रांतून, घेतात. पेट्रा-३ च्या वलयाचा घेर २.३ किलोमीटर आहे. विवर्तनाच्या ठिपक्यांवरून इलेक्ट्रॉनांच्या दाटीचा नकाशा काढला जातो. त्यात प्रथिन बसवल्यावर जी दाटी उरते, तिच्यात औषधाच्या रेणूचा आकार शोधायचा.

रॉन्टगेन यांना १८९५ मध्ये क्ष-किरण सापडले ते व्युर्त्सबुर्गला. त्याच शहरातल्या रुडॉल्फ फिरशो केंद्रात कारोलीने किस्कर यांच्या गटाने, अमेरिकेतील स्टोनी ब्रूकच्या पीटर टाँग यांच्या साथीने, इन्हए आणि फॅबआय या एन्झाइमांवर काम केले. आरंभ ट्रायक्लोसानपासून होतो. साबणांत आणि टूथपेस्टमध्ये वापरला गेलेला हा जंतुनाशक रेणू एनएडीच्या वलयावर सपाट टेकतो आणि त्याचा हायड्रॉक्सिल गट शेजारच्या टायरोसिनला हायड्रोजन बंधाने धरतो. ई. कोलायच्या फॅबआयमध्ये तो घट्ट बसतो. इन्हएमध्ये मात्र पटकन बसतो आणि पटकन सुटतो. फरक एन्झाइमाच्या तोंडाशी असलेल्या एका लवचीक वेटोळ्यात आहे. फॅबआयमध्ये ते रेणूवर येऊन स्थिरावते, दाराला कडी लागावी तसे; इन्हएमध्ये ते अस्थिर राहते.

ट्रायक्लोसानच्या सांगाड्यावर सहा कार्बनांची शेपटी जोडली तर ती इन्हएच्या तेलकट खोबणीत छान बसते, पण तरीही रेणू लवकर सुटतो. मग सांगाड्याच्या दुसऱ्या वलयावर एक मेथिल गट, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, एवढीच भर घातली. हा पीटी-७०. तो इन्हएवर सरासरी २४ मिनिटे टिकतो, मेथिल नसलेल्या मूळ रेणूच्या सुमारे १४,००० पट. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या १.८ अँगस्ट्रॉमच्या रचनेत ते वेटोळे व्यवस्थित स्थिरावलेले दिसते. कार्बन-कार्बन एकेरी बंधाची लांबी १.५४ अँगस्ट्रॉम असते, यावरून या चित्राच्या बारकाव्याचा अंदाज यावा.

या कामाचे खरे मोल इथे आहे. स्फटिकरचना गोठलेला क्षण दाखवते. औषध कुठे बसले ते कळते, किती वेळ बसेल ते एकट्या चित्रावरून कळत नाही. दोन गोळ्यांच्या मधल्या काळात रक्तातले औषध ओसरते. तेव्हाही रेणू एन्झाइमाला धरून असेल, तर जंतूचे काम बंदच राहते. म्हणून रचना आणि वेग यांची मोजमापे शेजारी ठेवूनच वाचावी लागतात. पीटी-७० स्वतः औषध झालेला नाही, पण कडी कशी लागते हे त्याने दाखवले.

स्टॅफिलोकॉकसच्या बाबतीत वेगळी शंका निघाली. २००९ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवले की काही जीवाणू मेदाम्ले आयतीच रक्तातून उचलतात. मग त्यांचे उत्पादन थांबवून काय साधणार? व्युर्त्सबुर्गच्या गटाने २०१२ मध्ये मांडलेल्या फॅबआयच्या रचनांत याचे एक उत्तर सुचते. या एन्झाइमाला फाटे असलेली मेदाम्ले विशेष मानवतात. जंतूला ती हवीच असतात आणि माणसाच्या रक्तात ती फारशी मिळत नाहीत. फॅबआयला रोखणारे अफाबिसिन रुग्णांवरील चाचण्यांपर्यंत पोचले आहे. न्यूमोनियाच्या स्ट्रेप्टोकॉकसमध्ये मात्र फॅबआय नाहीच. तिथे हे काम निराळ्या घडणीचे फॅबके करते, म्हणून फॅबआयसाठी घडवलेले रेणू त्याच्यावर चालत नाहीत.