खरा रुपया आणि खोटे माप



शाळा मी फारशी पाहिली नाही. जे शिकलो ते हिंगोलीच्या मोंढ्यात, हमालांच्या संगतीत. आमच्या एका हमालाची म्हातारी आई चांदीचे चार रुपये मोडायला गेली. दुकानदाराने एकेक तोळ्याशी तोलला, 'वजनात कमी, म्हणजे खोटे' असे सांगून पितळेच्या भावात मागितला. म्हातारी रुपये पदरात बांधून, मान खाली घालून परत आली.

रुपये खरे होते! त्यांवर चारमिनार होता. तो निजामाचा हाली सिक्का. जुन्या हाली रुपयाचे वजन सुमारे ११.१८ ग्रॅम, चांदी शेकडा ८२च्या आसपास. इंग्रजांचा कलदार पुरा एक तोळा, ११.६६ ग्रॅम, आणि चांदी शेकडा ९१च्या वर. १९४० पासून मात्र त्यातली चांदी निम्म्यावर आली. ७ हालींना ६ कलदार असा हिशेब चाले. तेव्हा नाणे कोणते ते आधी ओळखा, मग तोला.

पुढे कड पाहा. टाकसाळीतल्या नाण्याचे दाते सारखे आणि अक्षरे रेखीव असतात. ओतीव नकलेच्या कडेवर जोडाची रेघ, अंगावर बारीक छिद्रे सापडतात. चुंबकाला चिकटले तर ते चांदीचे नव्हे. पण पितळ आणि शिसेही चिकटत नाही, हे विसरू नका.

कामगाराला मी सांगतो, हजेरीपट वाचल्याशिवाय अंगठा देऊ नकोस. तुम्हांलाही तेच सांगतो : माप कोणते लावले हे विचारल्याशिवाय निकाल मानू नका.